आडवा दांडा की उतरता? रोड बाइकची फ्रेम घेताना काय मोजायचं

तुमच्यापुढे दोन सायकली आहेत. एक ओळखीतली, जुनी, स्टीलची, वरचा दांडा जमिनीला समांतर, साइज ५४. दुसरी दुकानातली नवी, अ‍ॅल्युमिनियमची, दांडा सीटकडे उतरत गेलेला, साइज एम. तुमची उंची १६८ सेंटिमीटर, इनसीम, म्हणजे पायाची आतल्या बाजूने जमिनीपर्यंतची लांबी, ७८. रविवारी त्र्यंबकेश्वर, अधूनमधून कसारा घाट, आणि येत्या थंडीत २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायचा बेत. शिवाय पुढे पत्नीसाठीही रोड बाइक घ्यायची आहे, त्यांची उंची १५४ आणि इनसीम ७०. तुम्ही विचारलंय की आडव्या दांड्याची जुनी पद्धत चांगली की उतरत्या दांड्याची नवी.

माझं मत आधी सांगतो. तुमच्यासाठी हा निर्णय दांड्याच्या उतारावर ठरू नये. दांडा कसा दिसतो यावरून सायकल तुमच्या अंगाला बसेल की नाही, हे अजिबात कळत नाही. पत्नीच्या बाबतीत मात्र उतरता दांडा ही जवळजवळ अट आहे. दोन्हीची कारणं आकड्यांसकट सांगतो, कारण नाशिकमध्ये फसलेल्या ज्या खरेद्या मी दुरुस्तीला आणि फिटिंगला येताना बघतो, त्यातल्या बऱ्याचशा इथेच फसलेल्या असतात. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून इथे लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ फार वाढली आहे. लोक मनापासून पैसे घालतात. सहा-सहा, आठ-आठ तास ज्या फ्रेमवर बसायचं ती चुकू नये, असं मला फार वाटतं.

दांडा आडवा का असायचा ते आधी बघू. स्टीलच्या फ्रेमच्या नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या तयार तुकड्यांमध्ये, बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने जोडत. लगचे कोन साच्यात ठरलेले असत. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि हेड ट्यूब (हँडलखालची पुढची आखूड नळी) दोन्ही ७३ अंशांच्या आसपास आणि वरची नळी समांतर, ही मांडणी कारागिराला सोयीची होती. नजरेला सरळ दिसणारी नळी मोजायलाही सोपी. आपल्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलींना २२ इंची आणि २४ इंची म्हणतात, तो आकडाही फ्रेमचाच, सीट ट्यूबच्या लांबीचा. चाकाचा नाही.

त्या काळी या एका आकड्यात सगळं यायचं. दांडा समांतर असला की सीट ट्यूब जितकी लांब, तितकंच पुढचं टोकही उंच. त्यामुळे "५४ची फ्रेम" म्हटलं की दांडा किती उंच, हँडल कुठपर्यंत येईल आणि वरची नळी साधारण किती लांब, हे तिन्ही जाणकाराला कळायचं. इनसीमला ०.६७ ने गुणा आणि फ्रेमचा आकडा काढा, हा नियम त्याच काळातला. तुमच्या ७८ ला गुणलं की ५२ येतात. सीटची उंची, म्हणजे बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, जिथे पेडलचा आस फिरतो तो सांधा) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर, इनसीमच्या ०.८८३ पट धरतात. तुमचं ६८.९ सेंटिमीटर येईल. हा दुसरा नियम आजही सुरुवातीसाठी चांगला आहे. पहिला मात्र फक्त आडव्या दांड्यालाच लागू पडतो.

उतरता दांडा माउंटन बाइकवर आधीपासून होता. रोड बाइकवर तो खऱ्या अर्थाने आणला जायंट कंपनीच्या टीसीआर या मॉडेलने, १९९०च्या दशकात. त्याचे रचनाकार इंग्लंडचे माइक बरोज. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने ज्या लोटस सायकलवर सुवर्णपदक जिंकलं, तिच्यामागेही त्यांचीच कल्पना होती. त्यांचा विचार सरळ होता. दांडा खाली उतरवला की फ्रेमचे त्रिकोण लहान होतात, नळ्या आखूड होतात, फ्रेम हलकी आणि ताठ होते. आणि सीटपोस्ट लांब वापरता आली की एकच फ्रेम वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना चालते. दोन-दोन सेंटिमीटरच्या फरकाने आठ-दहा साइज बनवण्याऐवजी तीन-चारांत काम भागतं. कारखान्याचे साचे कमी, दुकानदाराचा माल कमी. ही बचत खरी आहे आणि तिच्यामुळे चांगल्या सायकली स्वस्त झाल्या, हेही खरं.

पण त्याबरोबर सीट ट्यूबचा आकडा निरुपयोगी झाला. दांडा उतरता असला की सीट ट्यूब ४६ ठेवा नाहीतर ५०, हँडलच्या जागेवर काहीही परिणाम होत नाही. मग साइज शर्टसारखे झाले, एस, एम, एल. एका कंपनीचा एम दुसरीच्या एसएवढा निघतो, अगदी शर्टासारखाच. म्हणून आता दोनच आकडे विचारायचे: स्टॅक आणि रीच.

बीबीच्या मध्यबिंदूतून सरळ वर एक उभी रेषा काढली असं समजा. हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. त्या उभ्या रेषेपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. यात ना दांडा येतो, ना सीट ट्यूब. फ्रेम हँडलला कुठे धरून ठेवते, एवढंच हे दोन आकडे सांगतात, आणि तेवढंच तुमच्या पाठीला, मानेला आणि तळहातांना कळतं. आज बहुतेक कंपन्या प्रत्येक साइजचे स्टॅक-रीच आपल्या साइटवर देतात. दुकानदाराला माहीत नसतील तर त्याच्यासमोर मोबाइलवर उघडून बघा.

वरच्या नळीच्या लांबीवर विसंबू नका. उतरत्या दांड्यावर टेप लावून मोजलेली लांबी तर अगदीच चुकीची, कारण तिरकी नळी आडव्या अंतरापेक्षा वेगळीच भरते. म्हणून कंपन्या "इफेक्टिव्ह" लांबी देतात, हेड ट्यूबच्या माथ्यापासून सीटपोस्टच्या रेषेपर्यंत कल्पनेने काढलेली आडवी. तीही फसवते. समजा दोन फ्रेम आहेत, दोन्हींची इफेक्टिव्ह लांबी ५४५ मिलिमीटर आणि स्टॅकही ५४५. एकीच्या सीट ट्यूबचा कोन ७३ अंश, दुसरीचा ७४. पहिलीचा रीच येतो ३७८, दुसरीचा ३८९. कागदावर सारखी लांबी, प्रत्यक्षात हँडल सेंटिमीटरभर पुढे. सीट रेल्सवर मागेपुढे करून तुम्ही पायांची जागा दोन्हींवर सारखी करणार, त्यामुळे तो सेंटिमीटर सगळा हातांवर येणार.

रीचची तुलना करताना आणखी एक बारकावा. हेड ट्यूब तिरकी असते, त्यामुळे हँडल स्पेसर (हँडलखाली घालायच्या कड्या) घालून एक सेंटिमीटर वर घेतलं की ते तीन मिलिमीटर मागेही येतं. म्हणजे एका फ्रेमचा स्टॅक दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी असेल, तर तिच्या रीचमधून सहा मिलिमीटर वजा करूनच तुलना करायची. हे न केल्यामुळे रेस फ्रेम उगाच "लांब" वाटते आणि लोक एक साइज लहान घेऊन मोकळे होतात.

आता तुमच्या जुन्या ५४ कडे येऊ. तिचे स्टॅक-रीच कुठे छापलेले मिळणार नाहीत, पण दांडा समांतर असल्यामुळे काढता येतात. आधी ५४ म्हणजे नेमकं काय ते मोजा. बीबीच्या मध्यापासून वरच्या नळीच्या मध्यापर्यंत की नळीच्या वरच्या काठापर्यंत? दोन्ही पद्धती चालत होत्या आणि फरक दीडेक सेंटिमीटरचा पडतो. मध्य ते मध्य ५४ आहे असं धरतो. ७३-७४ अंशांच्या तिरकेपणामुळे उभी उंची ५१.८ येते. हेड ट्यूबचा माथा नळीच्या मध्यरेषेपेक्षा अडीच सेंटिमीटर वर धरला तर स्टॅक ५४३ मिलिमीटरच्या आसपास. वरची नळी ५४.५ असेल तर रीच ३८४ च्या आसपास.

हे आकडे नव्या एम फ्रेमच्या आकड्यांच्या अगदी जवळ निघाले तर नवल वाटू देऊ नका. रेससाठी केलेल्या बऱ्याच एम साइज फ्रेमचा स्टॅक ५४५ च्या आगेमागे आणि रीच ३८० च्या आसपास असतो. म्हणजे ज्या दोन सायकली तुम्हाला दोन वेगळ्या जगांतल्या वाटतात, त्या हँडल जवळपास एकाच जागी धरून उभ्या आहेत. एकीचा दांडा सरळ, दुसरीचा उतरता. तुमच्या खांद्यांना तो फरक समजणारसुद्धा नाही.

मग तुम्हाला हँडल किती उंच हवं? सीटची उंची ६८.९ ही तिरक्या रेषेवरची. उभी धरली तर बीबीपासून ६६ सेंटिमीटर. २०० किलोमीटरच्या पहिल्या बीआरएमसाठी, १३ तास ३० मिनिटांच्या मुदतीत आरामात पोचायचं असेल तर, हँडल सीटपेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर खाली असलेलं मी पसंत करतो. म्हणजे हँडलचा मध्य बीबीपासून ६१ ते ६३ वर. नव्या फ्रेमवर स्टॅक ५४.५, वर झाकण आणि स्पेसर मिळून दोन, स्टेमची (हँडलला फ्रेमशी जोडणारा पुढचा तुकडा) निम्मी उंची दोन, आणि १०० मिलिमीटरच्या ६ अंशी स्टेमचा चढ १.९. बेरीज ६०.४. थोडं कमी पडतंय. तोच स्टेम उलटा लावला की आणखी दोन सेंटिमीटर मिळतात, ६२.४, झालं काम. किंवा ५६० च्या आसपास स्टॅक असलेली एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या आरामासाठीची, फ्रेम बघा, मग स्टेम सरळच राहील. जुन्या फ्रेमवर क्विल स्टेम, म्हणजे फोर्कच्या नळीत आत उतरणारा, असतो. त्याचा बोल्ट सैल करून वर-खाली करता येतो, पण खूण केलेल्या रेषेच्या वर कधीही नाही.

जुन्या सायकलची एक गोष्ट मात्र तपासाच. त्या काळच्या हँडलची पुढची वळणं लांब असत, नव्वद मिलिमीटरच्या वर. आजच्या कॉम्पॅक्ट हँडलची सत्तर-ऐंशी. फ्रेमचा रीच सारखा असूनही ब्रेकच्या हूडवर, म्हणजे लिव्हरच्या रबरी मुठीवर, हात ठेवल्यावर दीड-दोन सेंटिमीटर जास्त ताणले जाता. लोक याचा दोष "जुन्या भूमितीला" देतात. दोष हँडलचा असतो आणि हँडल बदलता येतं. बदलताना स्टेमच्या पकडीचा व्यास मोजून घ्या, जुन्या इटालियन स्टेमचा माप २६ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि आजच्या ३१.८ च्या हँडलला ते चालत नाही.

दांड्याचा उतार खरोखर जिथे फरक पाडतो, ती पहिली जागा म्हणजे तुमच्या पायांमधली. सिग्नलला दोन्ही पाय टेकवून उभं राहिल्यावर दांडा आणि शरीर यांत थोडी मोकळी जागा हवीच. ७०० च्या चाकावर बीबी जमिनीपासून साधारण २६.६ सेंटिमीटर असतो. तुमच्या ५४ च्या फ्रेमवर ५१.८ अधिक २६.६ अधिक नळीची निम्मी जाडी, म्हणजे दांड्याचा माथा ७९.८ सेंटिमीटरला. तुमचा इनसीम अनवाणी ७८, बुटात ८०.५. मोकळी जागा सात मिलिमीटर. नाशिकच्या सीबीएसच्या सिग्नलला सपाट रस्त्यावर चालून जाईल. पण त्र्यंबक रस्त्यावर साइडपट्टीवरून अचानक उतरावं लागलं, एक पाय खाली गेला, तर ती जागा पुरणार नाही. ५२ ची फ्रेम असती तर अडीच सेंटिमीटर मिळाले असते आणि मी निर्धास्तपणे घ्या म्हटलं असतं.

पत्नीचं गणित मांडा म्हणजे उतरता दांडा किती उपकारक आहे ते दिसेल. इनसीम ७० ला ०.६७ ने गुणलं की ४७ ची फ्रेम. दांडा समांतर ठेवला तर त्याचा माथा ७३ सेंटिमीटरला. बुटात त्यांचा इनसीम ७२.५. म्हणजे नियमाने निघालेल्या साइजमध्येसुद्धा त्या दांड्यावर टेकल्याशिवाय उभ्या राहू शकत नाहीत. कारण चाक लहान होत नाही. फ्रेम कितीही लहान केली तरी बीबी तेवढाच उंच राहतो, आणि पुढच्या चाकावर फोर्क, हेडसेट, हेड ट्यूब एवढं सगळं बसवायचं असल्यामुळे पुढचं टोक एका मर्यादेखाली येतच नाही. जुन्या काळी कमी उंचीच्या माणसांना, विशेषतः बायकांना, रोड बाइक "जमत नाही" असं सांगून परत पाठवायचे. त्यांना न जमण्यासारखं काही नव्हतं, त्यांच्यासाठी फ्रेम बनतच नव्हती. दांडा खाली उतरल्यावर हा प्रश्न सुटला. म्हणून त्यांच्यासाठी आडव्या दांड्याचा विचारच नको.

एक गोष्ट मात्र उतारानेही सुटत नाही. छोट्या फ्रेमवर हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. ते बीबी आणि पुढच्या एक्सलमधल्या अंतरावर ठरतं, दांड्यावर नाही. पत्नीला सायकल दाखवाल तेव्हा पेडल आडवं ठेवून हँडल वळवून बघायला सांगा. वेगात हे कधी होत नाही, पण कॉलनीत यू-टर्न घेताना नवख्या माणसाला पाडू शकतं.

दुसरा खरा फरक सीटपोस्टचा. उतरत्या फ्रेमवर ती जास्त बाहेर दिसते. तुमच्या बाबतीत आडव्या ५४ वर आठ-नऊ सेंटिमीटर, उतरत्या एमवर पंधरा तरी. बाहेर आलेली लांब पोस्ट, त्यातही २७.२ मिलिमीटर व्यासाची कार्बनची, खड्ड्यात किंचित लवते आणि पाठीला बरं वाटतं. हा फायदा खरा आहे, पण माझ्या मते टायरच्या फायद्यापुढे लहान. २५ ऐवजी ३० चा टायर आणि सत्तर पीएसआयच्या आसपास हवा, यातून आपल्या रस्त्यांवर जो आराम मिळतो तो कुठलीही पोस्ट देत नाही. म्हणून फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो, हा प्रश्न दांड्याच्या प्रश्नाआधी विचारा. जुन्या रिम ब्रेकच्या रेस फ्रेममध्ये बहुतेकदा २५ बसतो, कधीकधी २८ घासत घासत. नव्या डिस्क फ्रेममध्ये ३२ सहज. पावसाळ्यानंतर कसारा-इगतपुरी पट्ट्यात जाणार असाल तर मला हा फरक फार मोठा वाटतो.

पोस्ट किती आत हवी याकडे दुर्लक्ष करू नका. तिच्यावरची किमान खूण तर आत हवीच, शिवाय तिचं खालचं टोक दांडा आणि मागच्या नळ्यांच्या सांध्याच्या खाली पोचलेलं हवं. लहान साइज घेऊन पोस्ट ओढून लांब करण्याची सवय इथे बरीच दिसते. त्यात सीट ट्यूबचा वरचा भाग चिरतो, आणि अ‍ॅल्युमिनियमची चीर दुरुस्त करून भरवसा ठेवता येत नाही.

पाण्याचं सांगतो. एप्रिल-मेमध्ये सिन्नरकडे किंवा चांदवडकडे निघालात की दोन बाटल्या लागतातच. आडव्या दांड्याच्या मोठ्या त्रिकोणात ७५० मिलिलिटरच्या दोन आरामात बसतात, वर फ्रेम बॅगलाही जागा उरते. उतरत्या फ्रेमवर, त्यातही एस आणि एक्सएसमध्ये, सीट ट्यूबवरची बाटली काढताना दांड्याला अडते. बाटली बाजूने निघेल असे केज (बाटलीचे धारक) लावले की बहुधा जमतं. पत्नीच्या फ्रेमवर खाली ७५० आणि मागे ५०० ची लहान बाटली, अशी तयारी ठेवा. सीटखालच्या बॅगेबद्दल मात्र काळजी नको. सीट आणि मागचं चाक यांतलं अंतर तुमच्या पायांवर ठरतं, दांड्यावर नाही.

वजन? फ्रेमच्या आखूड नळ्यांनी वाचवलेले काही ग्रॅम लांब सीटपोस्ट परत घेते. विषय संपला.

आता ज्या समजुती मी रोज ऐकतो त्यांच्याबद्दल. "उतरता दांडा म्हणजे आरामशीर बैठक" ही सगळ्यात पक्की रुजलेली. बैठक हेड ट्यूबच्या लांबीवर ठरते. व्यावसायिक शर्यतींतल्या अत्यंत खाली वाकायला लावणाऱ्या फ्रेमचेही दांडे आज उतरतेच असतात, आणि लांब हेड ट्यूबची आडव्या दांड्याची टूरिंग सायकल सोफ्यावर बसल्यासारखी उभी बसवू शकते. "उतरत्या दांड्याची सायकल घाट चांगला चढते" ही दुसरी. घाट गिअर चढवतात. जुन्या सायकलवर पुढे ५२-४२ आणि मागे सगळ्यात मोठं २४ दात्यांचं असेल, तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवलं तरी वेग तासाला १३ किलोमीटर होतो. त्याहून हळू जायचं तर पेडल दाबत, गुडघे दुखवत जावं लागतं. पुढे ५०-३४ आणि मागे ३२ असेल तर तेच पाय तासाला ८ किलोमीटरने शांतपणे फिरतात. सप्तशृंगी गडाच्या चढावर किंवा सापुताऱ्याला जाताना हा फरक म्हणजे सायकलवर राहणं आणि उतरून ढकलणं यांतला फरक आहे. ज्याने जुन्या सायकलवर घाटात त्रास काढला तो नव्या सायकलवर सुखावतो आणि श्रेय दांड्याला देतो.

उतारावर सायकल स्थिर राहते की नाही, हे हेड ट्यूबचा कोन, फोर्कचा ऑफसेट (एक्सल हेड ट्यूबच्या रेषेपुढे किती आहे ते अंतर) आणि चाकांमधलं अंतर ठरवतात. ७३ अंश आणि ४३ मिलिमीटर ऑफसेटला ट्रेल (हेड ट्यूबची रेषा जमिनीला टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ५८ मिलिमीटरच्या आसपास येतो, सायकल चटकन वळते. तोच ऑफसेट ठेवून कोन ७२ केला की ट्रेल ६४ होतो, सायकल सरळ जाण्याकडे झुकते. कसारा घाट उतरताना शेजारून कंटेनर जात असेल तेव्हा मला दुसरी जास्त आवडते. पण हे पुन्हा भूमितीच्या तक्त्यात बघायचं, दांड्याकडे बघून कळणार नाही.

दिसण्याबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही पत्रात "आडवा दांडा डोळ्यांत भरतो" असं लिहिलंय. ते कारण मी हलकं मानत नाही. लगवर हाताने घासलेली कानस, सरळ रेषेत जाणारी बारीक नळी, यात कारागिराचं कसब दिसतं. जी सायकल बघून बाहेर काढावीशी वाटते ती जास्त चालवली जाते. आजही टायटॅनियमच्या आणि हाताने बनवलेल्या स्टीलच्या कितीतरी फ्रेम मागणीनुसार आडव्या दांड्याच्या करतात, आणि माप बरोबर असेल तर त्या कशातही कमी नसतात. फक्त मनाला आवडली म्हणून माप सोडू नका.

जुनी बघायला जाल तेव्हा सायकल उन्हात आणा. हेड ट्यूबच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाकडून बोट फिरवा. पुढून धडक बसलेली असेल तर तिथे लाट लागते किंवा रंगाला आडवी भेग दिसते. तसं असेल तर तिथेच नमस्कार करून परत या. चांगल्या बटेड (टोकांना जाड, मधे पातळ) नळीची भिंत टोकांना ०.९ आणि मधे ०.६ मिलिमीटर असते, अंबड-सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जाड पाइपासारखं वेल्डिंग मारून ती नीट होत नाही. मग सीटपोस्ट हलते का बघा. अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं तशीच राहिली, त्यात इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस मुरला, की ती कायमची धरते. न हलणाऱ्या पोस्टची सायकल तुमच्या उंचीला लावताच येत नाही, किंमत कितीही कमी असो. घेतलीत तर दर पावसाळ्याआधी पोस्ट काढून ग्रीस लावणं हे ठरलेलं काम.

मागच्या फोर्कच्या आतली रुंदीही मोजा. १२६ मिलिमीटर असेल तर ती सहा-सात गिअरची, १३० असेल तर आठपासून अकरापर्यंतची चाकं सरळ बसतात. स्टील असल्यामुळे १२६ ची १३० करता येते, पण जाणकाराकडूनच, दोन्ही बाजू सारख्या आणि ड्रॉपआउट (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचा) समांतर ठेवून.

तर तुमच्यासाठी: बीआरएम आणि घाट हेच ध्येय असेल तर नवी घ्या. दांडा उतरता आहे म्हणून नाही, तर रुंद टायर, हलके गिअर आणि मोकळी जागा यांसाठी. घेण्याआधी त्याच मॉडेलच्या एस आणि एम दोन्हींचे स्टॅक-रीच शेजारी ठेवा. १६८ उंची बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात दोन्हींच्या सीमेवर येते. तुमचे पाय उंचीच्या मानाने ना लांब, ना आखूड. ५५० ते ५६५ स्टॅक आणि ३७० ते ३८० रीच ज्या साइजमध्ये मिळेल ती तुमची, मग तिच्यावर अक्षर कुठलंही असो. दुकानदार "पोस्ट वर घेऊ, स्टेम बदलू" म्हणाला तर स्टेम ९० ते ११० च्या आतच राहतोय ना, एवढं बघा. त्याबाहेर जावं लागत असेल तर साइज चुकला आहे.

जुनी ५४ मध्य ते मध्य निघाली तर सोडून द्या. नळीच्या वरच्या काठापर्यंत ५४ निघाली, म्हणजे मध्यापर्यंत साडेबावन्न, तर दांडा दीड सेंटिमीटरने खाली येतो आणि तुम्हाला दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त मोकळी जागा मिळते. पोस्ट हलत असेल, नळ्यांना लाट नसेल आणि बीआरएमसाठी गिअर बदलण्याचा खर्च धरूनही किंमत जमत असेल, तर ती घ्यायला माझी हरकत नाही. टेप घेऊन जा आणि आधी तेवढंच मोजा.